दिवा न घातलेल्या पेशी

ज्या पेशींमध्ये आम्ही दिवा घातलाच नव्हता, त्या मंगळवारी सकाळी स्क्रीनवर हिरव्या दिसत होत्या.

"प्लेट बदलली गेली का?" मी ऋतुजाला विचारलं.

"नाही मॅडम. लेबल दोनदा बघितलं. ही कंट्रोलचीच आहे."

ऋतुजा माझ्या हाताखालची सायंटिस्ट. मूळची लातूरची, मारुंजीत तिघी मैत्रिणी मिळून फ्लॅट भाड्यानं घेऊन राहतात. तिनं दोनदा बघितलं म्हटलं की चारदा बघितलेलं असतं. मी खुर्ची ओढून बसले. खोलीतले दिवे बंद होते. स्क्रीनवर पेशी लांबट, निमुळत्या, एकमेकींना चिकटून पसरलेल्या, आणि सगळ्या हिरव्या. असं व्हायला नको होतं.

कारण सांगायचं तर आधी आमचं काम सांगावं लागेल. हिंजवडीच्या कडेला, मारुंजीच्या हद्दीत आमची कंपनी आहे. आम्ही औषधं बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलेली रसायनं जिवंत पेशींवर टाकतो, काय होतं ते बघतो आणि रिपोर्ट देतो. गेली एकोणीस वर्षं मी तिथं मायक्रोस्कोप सांभाळते.

शरीरात एका अवयवाचा निरोप दुसऱ्याला रक्तातून जातो. पण निरोप आणणारा रेणू बऱ्याचदा पेशीच्या आत शिरतच नाही. तो बाहेरच्या दाराशी टेकतो, आणि आत दुसराच एक छोटा रेणू तयार होऊन निरोप पुढं नेतो. अशा आतल्या निरोप्यांपैकी एकाचं नाव सायक्लिक एएमपी. श्वासनलिकेच्या स्नायूंमध्ये तो वाढला की स्नायू सैल पडतात, नळी उघडते, दमा असलेल्या माणसाला श्वास घेता येतो.

अडचण अशी की हा निरोप्या दिसत नाही. पूर्वी तो मोजायचा तर पेशी फोडाव्या लागत. आता एक युक्ती आहे. एका जेलीफिशच्या अंगात असं प्रोटीन सापडलं, की त्यावर निळा उजेड पाडला की ते हिरवं चमकतं. त्या प्रोटीनला सायक्लिक एएमपी पकडणारा तुकडा जोडलेला असतो. रेणू पकडला गेला की प्रोटीनची ठेवण जराशी बदलते आणि चमक वाढते. या प्रोटीनचा आराखडा पेशीत सोडला की पेशी ते स्वतःच बनवायला लागते. कागदोपत्री त्याला सेन्सर म्हणतात. आमच्या लॅबमध्ये सगळे दिवाच म्हणतात. मग औषध टाकायचं, अर्ध्या अर्ध्या मिनिटाला फोटो घ्यायचा आणि चमक किती वाढली त्याचा आलेख काढायचा. रेष वर गेली तर औषधानं काहीतरी केलं.

यात फसायला जागा भरपूर. म्हणून काही पेशी मुद्दाम दिवा न घालता ठेवायच्या आणि त्यांच्यावरही तेच औषध टाकायचं. हाच कंट्रोल. त्या काळ्याच राहिल्या पाहिजेत. त्या हिरव्या झाल्या, तर चमक सायक्लिक एएमपीची नाही, दुसऱ्याच कशाची तरी आहे.

त्या हिरव्या झाल्या होत्या.

रसायन होतं कोष्टी सरांचं. डॉ. कोष्टी इचलकरंजीचे. वडील यंत्रमागावर काम करायचे. सुताच्या तुसानं छाती भरून गेली आणि शेवटची काही वर्षं भिंतीला टेकून बसूनच झोपायचे. सर केमिस्ट्री शिकले, मोठ्या औषध कंपनीत चढत गेले आणि एक दिवस राजीनामा देऊन पिरंगुटला एका शेडमध्ये स्वतःची लॅब थाटली. तिथं ते आणि त्यांचा एक केमिस्ट, संदीप, असे दोघंच. अकरा वर्षं खपून त्यांनी एक मॉलिक्यूल बनवलं होतं. ते श्वासनलिकेच्या पेशीत सायक्लिक एएमपी वाढवतं की नाही, एवढाच प्रश्न घेऊन ते आमच्याकडे आले होते. उत्तर हो आलं तर काम पुढं जाणार. नाही आलं तर शेडला कुलूप. हे त्यांनी पहिल्याच भेटीत, आवाज न चढवता सांगितलं होतं.

आणि उत्तर हो आलं होतं. रेष वर गेली होती. आम्ही प्रयोग तीनदा केला, तिन्ही वेळा गेली. प्लेटमधल्या रिकाम्या खळग्यात, म्हणजे पेशीच नाहीत अशा जागी, नुसतं औषध टाकून बघितलं. तिथं चमक नव्हती. म्हणजे औषध स्वतः चमकत नाही, असं आम्ही धरलं.

दिवा न घातलेल्या पेशींची प्लेट तेव्हाच लावायची होती. ऋतुजा म्हणालीही होती, "मॅडम, कंट्रोलच्या पेशी अजून वाढल्या नाहीत. चार दिवस थांबू या का?"

मी म्हणाले, "रिकामा खळगा क्लीन आहे ना? मग ती प्लेट फायनल रिपोर्टच्या आधी करू. सर वाट बघतायत."

आणि त्याच संध्याकाळी मी कोष्टी सरांना आलेख मेल केला. वर लिहिलं, 'प्राथमिक निकाल अत्यंत उत्साहवर्धक.' उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मला त्या माणसाला आनंद द्यायचा होता, एवढंच खरं कारण. त्याला आता तीन आठवडे झाले होते, आणि गुरुवारी सर फायनल रिपोर्ट न्यायला येणार होते.

खरं तर आलेखानं मला आधीच खूण दिली होती. आम्ही दर वेळी शेजारी एक ओळखीचं औषध लावतो, नळ्या उघडणारं. त्याची रेष दोन-तीन मिनिटांत झपकन वर जाते आणि मग हळूहळू उतरते. पेशी निरोप ऐकते आणि निरोप्याला आवरते. कोष्टी सरांची रेष तशी नव्हती. ती सावकाश चढत राहिली आणि उतरलीच नाही. मी ते बघितलं होतं. 'परिणाम दीर्घकाळ टिकतो' असं त्याखाली लिहिलंही होतं.

मंगळवारी दुपारपर्यंत आम्ही सगळं उलटंपालटं केलं. नव्या पेशी, त्या ज्यात वाढतात ते माध्यम नवं, प्लेट नवी. औषध टाकलं की दिवा नसलेल्या पेशी हिरव्या. न टाकता ठेवलं की काळ्या. म्हणजे चमक औषधाच्या द्रावणातूनच येत होती. पण हेच द्रावण रिकाम्या खळग्यात चमकत नव्हतं.

"ओरिजिनल बाटली आहे का?" मी विचारलं.

रिपोर्ट जाईपर्यंत क्लायंटची बाटली आम्ही टाकत नाही. ऋतुजानं ती आणली. बोटाएवढी काचेची बाटली, वर आट्यांचं झाकण. सरांची पावडर फिकट पिवळी होती. ती सगळी एकदमच विरघळवून, लहान लहान नळ्यांत वाटून आम्ही फ्रीझरमध्ये ठेवली होती. प्रयोग तीनदा केला म्हणून मी छाती फुगवत होते, पण तिन्ही वेळा द्रावण त्या एकाच बाटलीतलं. तीन साक्षीदार म्हणावेत आणि तिघंही एकाच घरचे निघावेत, तसं झालं होतं.

बाटलीच्या मानेवर, आट्यांच्या खाचांत, गडद पिवळं काहीतरी बसलेलं होतं. पावडरीपेक्षा गडद. आम्ही दोघी ते उजेडात धरून बघत असताना शोभाताई ट्रे न्यायला आत आल्या.

शोभाताई शेजारच्या नेरे गावच्या. आमची काचेची भांडी धुतात, लॅब पुसतात. घरची शेती होती, निम्मी गेली, उरलेल्या जागेवर मुलांनी खोल्या काढून भाड्यानं दिल्यात. सुना म्हणतात घरी बसा. त्या बसत नाहीत.

"काय बगताय एवढं?" त्या म्हणाल्या.

"बाटलीला काय लागलंय कळत नाहीये," ऋतुजा म्हणाली.

शोभाताईंनी चष्मा नाकावर सरकवला. "हळद हाय की."

"हळद कुठून येणार इथं, ताई?"

"आता कुटनं म्हंजे? थांबा, दावते." त्या सिंककडं गेल्या आणि भांडी धुण्याच्या साबणाचं पाणी बोटावर घेऊन आल्या. कापसाच्या काडीनं आट्यांमधलं पिवळं थोडं टिपलं आणि त्यावर थेंब सोडला. पिवळं होतं ते आमच्या डोळ्यांदेखत तांबडं झालं. "साबण लागला की हळद लाल हुती. लग्नातली कापडं धुतली न्हाईत का कदी?"

मग मी फ्रीझरमधलं द्रावण काढलं, टिश्यूवर एक थेंब टाकला, त्यावर साबणाचं पाणी. रंग फिका होता, पण वळला तांबडाच. नुसत्या पावडरीनं असं केलं असतं की नाही हे बघायला पावडर उरली नव्हती.

"पण बाटलीला हळद..." ऋतुजा बोलता बोलता थांबली.

शोभाताई माझ्याकडं बघत होत्या. "मॅडम, खंडेनवमीला तुमीच लावली व्हती न्हवं? ते म्हातारं सायेब आलं व्हतं बगा, पिशवीत बाटली घिऊन."

मला आठवलं. आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा होते. मायक्रोस्कोप, इन्क्युबेटर, सेंट्रिफ्यूज, सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि हळदकुंकू. हळदकुंकू लावायचा मान लॅबमधल्या सीनियर बाईचा, म्हणजे माझा. त्या सकाळी पूजा चालू असतानाच कोष्टी सर बाटली घेऊन पोचले. दाराबाहेर चपला काढून गप उभे राहिले. मी म्हणाले, "द्या सर, हिचीही करू पूजा. चांगला दिवस आहे." बाटली तबकात ठेवली, झाकणावर हळदकुंकवाची बोटं लावली. ओल्या बोटांची हळद मानेवर ओघळली असणार. सरांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही बरं वाटलं होतं.

"मी वरून टिश्यूनं पुसली होती, मॅडम," ऋतुजा हळू आवाजात म्हणाली. "आट्यांमध्ये राहिली असेल. मी द्रावक ओतून बाटली हलवली, तेव्हा..."

"तुझी चूक नाही," मी म्हणाले. ती खरंच तिची चूक नव्हती.

पुढचं लगेच उलगडलं. हळदीतला पिवळा रंग आमच्या द्रावकात लगेच विरघळतो. निळ्या उजेडात तो हिरवा चमकतो, पण नुसत्या पाण्यात फारच मंद. म्हणून रिकामा खळगा काळा दिसला. पेशीच्या तेलकट आवरणात शिरला की तोच रंग उजळतो, आणि आत शिरायला त्याला वेळ लागतो. म्हणून रेष सावकाश चढत होती आणि उतरत नव्हती. शेजारच्या इमारतीतल्या केमिस्ट्रीच्या लोकांनी संध्याकाळी त्यांच्या मशीनवर खात्री करून दिली. हळदच होती.

बुधवारी सकाळी मी संचालकांच्या केबिनमध्ये गेले. देशमुख सर हुशार माणूस, वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि झालेली चूक नोंदवायचा फॉर्म पुढं केला. त्यात एक रकाना असतो, 'संबंधित व्यक्ती.'

"हाऊसकीपिंग लिहा," ते म्हणाले. "पूजेची तयारी तीच मंडळी करतात. शोभाताईंना एक पत्र जाईल, विषय मिटेल."

"हळद मी लावली, सर."

"मला कळलं ते. पण क्लायंटला काय दिसेल? सीनियर सायंटिस्टनं सँपलची पूजा केली. तुमचे जुने सगळे रिपोर्ट लोक उघडून बघतील."

मी फॉर्म घेऊन जागेवर आले. सोंग कशाला आणू, मी तो लगेच भरला नाही. एकोणीस वर्षांचे रिपोर्ट माझ्या नावावर होते, आणि शोभाताईंना एका पत्रानं काही होणार नाही असं मी जेवणाच्या सुट्टीभर स्वतःला समजावलं. मग त्या टेबल पुसायला आल्या. कागदाखालून फडकं फिरवलं, कागद होता तसा ठेवला आणि गेल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्या गेल्यावर मी माझं नाव लिहिलं.

कोष्टी सरांना फोनवर सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. दुपारी गाडी काढली. माण, घोटावडे करत पिरंगुट आणि तिथून पौड रस्त्यानं कासार आंबोली. तिथं त्यांचं छोटं घर आहे, वीकेंडच्या बंगल्यांच्या रांगेत बारा महिने राहणारं ते एकटंच. सर पडवीत बसले होते. पाणी दिलं. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "बोला. रेष पडली का?"

मी सगळं सांगितलं. हळद, बाटली, मी थांबले नाही ते, मी मेल केला तो. 

"म्हणजे मॉलिक्यूल काम करत नाही?"

"ते माहीत नाही, सर. हळदीच्या चमकेखाली खरी चमक असूही शकेल. तुमच्याकडची दुसरी पावडर द्या. शुक्रवारपर्यंत सांगते."

ते आत जाऊन घरी जपून ठेवलेली बाटली घेऊन आले. हातात देताना म्हणाले, "चूक ज्यानं केली तोच सांगायला आला, असं माझ्या अख्ख्या नोकरीत एकदा-दोनदाच झालंय." मला ते कौतुक घेता आलं नाही. मग ते म्हणाले, "संदीपला हैदराबादची नोकरी लागली होती. चांगली होती. पोराच्या शाळेचंही झालं होतं. तुमचा मेल आला त्या रात्री मी त्याला म्हटलं, थांब रे, आपलं जमलंय. त्यानं त्यांना नकार कळवला."

 माफी मागितली होती, ती पुन्हा मागून काय होणार होतं. उठताना हात जोडले आणि निघाले.

शुक्रवारी सर स्वतः आले. या वेळी दिवा न घातलेल्या पेशी पहिल्या लावल्या. नव्या बाटलीतलं औषध टाकलं. काळ्याच राहिल्या. मग दिवा घातलेल्या पेशी. आधी ओळखीचं औषध. रेष झपकन वर गेली. म्हणजे पेशी जिवंत, दिवे चालू, मशीन ठीक. मग सरांचं. अर्ध्या मिनिटाला एक फोटो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. ऋतुजानं मात्रा दुप्पट केली, मग दहापट. रेष सपाट राहिली, अगदी आडवी.

सर अंधारात माझ्या शेजारी बसून होते. चाळीस मिनिटांनी म्हणाले, "अजून थांबायचं असेल तर माझ्यासाठी थांबू नका."

"नाही सर. एवढं पुरे आहे."

"मॉलिक्यूल मेलं, ते मला पटलं. अकरा वर्षांत असली पुष्कळ मेली. ह्याचं वाईट वाटेल, पण ते माझं आहे." त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "संदीपला तुम्ही सांगा. मला सांगवणार नाही."

रिंग जात होती.  पलीकडून "बोला सर" असा आवाज आला, आनंदी. मागं लहान मूल काहीतरी मागत होतं. मी माझं नाव सांगितलं आणि काय झालं ते सांगितलं. प्रास्ताविक केलं नाही, दोन-चार वाक्यांत उरकलं.

त्यानं मुलाला दुसरीकडं जायला सांगितलं. मग म्हणाला, "मॅडम, मेल पाठवला त्या दिवशी कंट्रोल बाकी होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. "सरांना सांगा, जेवून घ्या." आणि फोन ठेवला.

शेडला महिन्याभरात कुलूप लागलं. हैदराबादची जागा भरली गेली होती. संदीप पुढं वापीकडं कुठल्याशा रंगाच्या कारखान्यात लागला. मॉलिक्यूल बनवण्याचं काम तिथं नाही. मला हे कोष्टी सरांनीच कळवलं, दोन ओळींत, राग न धरता.

आमच्या लॅबची खंडेनवमी आता दाराबाहेर होते. देशमुख सरांनी तसा लेखी नियम काढला आणि खाली माझी सही घेतली. शोभाताईंना ते रुचलेलं नाही. "मशीन आत आन् पूजा भायेर, ह्यो कुटला न्याव?" म्हणतात.  माझे जुने रिपोर्ट दोघा क्लायंटनी पुन्हा तपासून घेतले. ठीक निघाले.

नव्या मुलांना मी हळदीची गोष्ट सांगते. ती ऐकून ती हसतात, आणि हसण्यासारखी आहेच. मेलची गोष्ट सांगते तेव्हा हसत नाहीत. माझ्यापुरता एक नियम मी केलाय, तो कुठं लिहिलेला नाही. वाईट निकाल आला की त्याच दिवशी कळवायचा. चांगला आला की आठवडाभर कुणाला सांगायचा नाही.